जुन्या टू-इन-वनला मोबाइल जोडायचा, पण आतलं काही न उपटता

मोबाइलवरची गाणी जुन्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-कॅसेटच्या सेटवर, ऐकायची म्हटली की बाजारात बहुतेक जण एकच तोडगा सांगतात: आतलं सर्किट काढा आणि बारा व्होल्टचं ब्लूटूथ किट बसवा. असं केल्यावर हाती फक्त खोकं उरतं. कॅसेट वाजत नाही, रेडिओचा काटा नुसता शोभेला राहतो, आणि ज्या ॲम्प्लिफायरमुळे सेटचा आवाज भरदार लागायचा तो भंगारात जातो. मूळ सेटचं काहीही न काढता मोबाइल, ब्लूटूथ किंवा छोटा प्लेअर जोडता येतो. बहुतेक सेटना तर भोकसुद्धा पाडावं लागत नाही. फक्त आपल्या सेटला बाहेरचा सिग्नल कुठून घेता येतो ते ओळखायला हवं, आणि जोडण्याआधी सेट धड चालता करून घ्यायला हवा.

आधी वीज, मग गाणी

बरीच वर्षं माळ्यावर पडलेला सेट खाली काढला की लगेच भिंतीच्या प्लगला लावू नका. मागची व्होल्टेजची पाटी वाचा. आखाती देशांतून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून आलेल्या कित्येक सेटना मागे ११०/२२० असा निवडीचा खटका असतो. तो ११० वर राहिला आणि सेट आपल्या २३० व्होल्टवर लागला, तर पहिल्या काही सेकंदांत फ्यूज तरी जातो नाहीतर ट्रान्सफॉर्मर. खास जपानसाठी बनलेले सेट १०० व्होल्टचे असतात. त्यांना २३० ते १०० असा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ११० चा लावला तर सेटला कायम दहा टक्के जास्त दाब मिळतो. शंभर व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर साधारण सेटला पुरतो. विजेच्या ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाने कॅसेटचा वेग बदलेल ही भीती सोडा. या सेटमधली मोटर डीसी असते, तिला त्या फरकाशी देणंघेणं नसतं. जपानी सेटची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: त्यांचा एफएम पट्टा बहुधा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक स्टेशनं त्यावर लागत नाहीत.

पहिली चाचणी सेलवर घ्या. मोठे डी सेल मोजा: सहा असतील तर ९ व्होल्ट, आठ असतील तर १२, दहा असतील तर १५. सेलवर आत काही बिघाड असला तरी मेन्सइतका, म्हणजे भिंतीच्या विजेइतका, धोका नसतो. सेट सेलवर ठीक चालला की मग मेन्सवर जा, तेही पहिल्यांदा सिरीज बोर्डमधून (यात वीज आधी बल्बमधून जाते, मग सेटला मिळते), ४० वॉटचा साधा तारेचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो उजळलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

बाहेरचा अडॅप्टर लावणार असाल तर डीसी सॉकेटशेजारचं चिन्ह बघा. बऱ्याच जपानी सेटमध्ये मधली पिन निगेटिव्ह असते आणि आजचे बहुतेक अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्ह असलेले येतात. मल्टीमीटरने खात्री केल्याशिवाय पिन आत घालू नका. मोठ्या सेटला दीड ते दोन अँपिअरचा अडॅप्टर लागतो, नाहीतर बास आला की आवाज खचतो.

सेलच्या खणात पांढरा किंवा हिरवा थर दिसला तर आधी तो काढा. अल्कलाइन सेल गळले असतील तर त्यांचा द्रव क्षारीय असतो. तिथे कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घ्या. साधे झिंक-कार्बन सेल गळले असतील तर द्रव आम्लधर्मी असतो, तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी. दोन्ही वेळा शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पत्र्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, पण मुलामा जाईपर्यंत नको. तो गेला की पट्टी सहा महिन्यांत पुन्हा गंजते.

मागच्या बाजूला काय लिहिलं आहे?

सेट उलटा करून मागे आणि बाजूला काय लिहिलं आहे ते नीट वाचा. सगळ्यात भाग्याचा सेट म्हणजे ज्याला ‘लाइन इन’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेली लाल-पांढरी सॉकेटं आहेत. दुकानात ‘ईपी स्टिरिओ टू टू-आरसीए’ केबल मागा, दीड मीटरची: एका टोकाला मोबाइलची गोल पिन, दुसऱ्याला लाल-पांढरे प्लग. लाल उजवा, पांढरा डावा. फंक्शनचा खटका ‘लाइन इन’वर न्या, मोबाइलचा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचा आवाज सेटच्या बटणाने वाढवा. मोबाइल अगदी हळू आणि सेट पूर्ण मोठा ठेवला तर सेटची स्वतःची सूंऽऽ ऐकू येते. उलटं केलं, म्हणजे मोबाइल शंभर टक्के, तर जुन्या सेटचा पहिला टप्पा भरून वाहतो आणि आवाज फाटतो.

मोबाइलला गोल सॉकेटच नसेल तर टाइप-सी ते गोल सॉकेट असा छोटा जोड घ्या. त्यात नुसतं जोड बदलणारे आणि आत चिप असलेले असे दोन प्रकार मिळतात. नुसत्या जोडाचा प्रकार अनेक मोबाइलवर चालतच नाही, म्हणून चिप असलेलाच, म्हणजे डॅक, मागा.

काही सेटमध्ये त्याच सॉकेटशेजारी ‘फोनो/लाइन’ असा बारीक खटका असतो. फोनो ही जागा रेकॉर्ड प्लेअरच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी असते. तिला तीन ते पाच मिलिव्होल्ट पुरतात, आणि तिथे बास वाढवून तीव्र स्वर दाबणारी दुरुस्तीही असते. मोबाइल अर्धा-एक व्होल्ट देतो. त्यामुळे खटका फोनोवर राहिला तर गाणं गढूळ, फाटलेलं आणि बासने फुगलेलं येतं. हा दोष सेटचा समजून लोक कपॅसिटर बदलत बसतात. आधी खटका बघा.

हेडफोनचं सॉकेट म्हणजे बाहेर जाणारा रस्ता. मोबाइलची पिन त्यात बसते म्हणून तिथे लावू नका. पिन घालताच स्पीकर बंद होतात आणि सेटच्या ॲम्प्लिफायरचा आवाज उलटा मोबाइलच्या आउटपुटवर जातो.

गोल पाच पिनांचं डिन सॉकेट

फिलिप्स, ग्रुंडिग आणि युरोपसाठी बनलेल्या जपानी सेटना मागे गोल, पाच भोकांचं सॉकेट असतं. अर्धवर्तुळातला पिनांचा क्रम १, ४, २, ५, ३ असा उडत्या आकड्यांचा असतो. मधली २ नंबरची पिन ग्राउंड. १ आणि ४ वर आत जाणारा सिग्नल, अनुक्रमे डावा आणि उजवा. ३ आणि ५ वर बाहेर येणारा, तोही डावा आणि उजवा. मोनो सेटमध्ये १ आत, ३ बाहेर.

इथे बाजारातली तयार केबल थेट लावली तर आवाज फाटतो, कारण या सॉकेटचं इनपुट फार संवेदनशील असतं. केबलमध्येच प्रत्येक चॅनलच्या तारेत एकेक ४७० किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. डिनच्या प्लगचं कव्हर काढलं की १ आणि ४ च्या पिनेला तो लागूनच सोल्डर करता येतो. प्लगचं प्लास्टिक लवकर वितळतं, म्हणून प्लग एखाद्या सॉकेटमध्ये खोचून मगच सोल्डर मारा, पिना सरळ राहतात. रेझिस्टरवर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, चढवा. आवाज फारच बारीक आला तर २२० किलोओहम वापरा, तरीही फाटला तर १ मेगाओहम.

आता यातली खरी अडचण. पुष्कळ सेटमध्ये डिनचं इनपुट फक्त रेकॉर्डिंगच्या वेळी जिवंत होतं. मग कॅसेटच्या खणात एखादी टाकाऊ कॅसेट ठेवा, तिच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान शाबूत असलेली. रेकॉर्ड, प्ले आणि पॉझ दाबा. गाणं स्पीकरमधून येईल आणि टेप हलणार नाही. कान मोडलेली कॅसेट असली तर रेकॉर्डचं बटण खालीच जात नाही. टाकाऊ कॅसेट म्हणजे खरोखर टाकाऊ हवी. पॉझ चुकून सुटला तर टेपवरचं पुसलं जातं. आजोबांच्या कीर्तनाची किंवा लग्नाच्या मंगलाष्टकांची कॅसेट या कामाला कधीही घेऊ नका.

या मार्गात आवाजाला एक विचित्र श्वास लागतो: गाणं शांत झालं की सूं वाढते, तबला आला की सगळं दबतं. ते सेटच्या ऑटोमॅटिक लेव्हलचं, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी आपोआप सारखी ठेवणाऱ्या सर्किटचं काम. मोबाइलचा आवाज कमी केला तर तो श्वास थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

फक्त माइकचं सॉकेट असेल तर

माइकच्या सॉकेटला एखादा मिलिव्होल्ट पुरतो. मोबाइलचा सिग्नल तिथे द्यायचा तर तो हजारपट खाली आणावा लागतो. प्रत्येक चॅनलला सिरीजमध्ये १०० किलोओहम आणि त्यानंतर सिग्नल ते ग्राउंड १०० ओहम. १०० ओहमचा रेझिस्टर सेटच्या बाजूच्या पिनेतच बसवा, म्हणजे उरलेल्या केबलमध्ये घरघर शिरत नाही. पिन ३.५ मिमीची आहे की जाड पी-३८ ची, तेही आधी बघा.

माइकची सॉकेटं बहुतेकदा मोनो असतात. त्यात स्टिरिओ पिन घातली की मधली रिंग ग्राउंडला टेकते आणि मोबाइलचा उजवा चॅनल शॉर्ट होतो. म्हणून मोनो पिनच वापरा, आणि डावा-उजवा एकत्र आणताना दोन तारा थेट पिळू नका. दोन्हींमध्ये एकेक १ किलोओहम घालून मग एकत्र जोडा. थेट पिळल्या तर मोबाइलचे दोन आउटपुट एकमेकांशी भांडत राहतात. एका स्पीकरच्या प्रत्येक मोनो सेटला, मग तो कुठल्याही सॉकेटमधून जोडा, हे लागू आहे.

खरं सांगायचं तर माइकचा मार्ग शेवटचा समजा. खाली दिलेला कॅसेट अडॅप्टर त्याहून चांगला वाजतो.

कॅसेट अडॅप्टर

कॅसेटच्या आकाराच्या या अडॅप्टरमध्ये टेप नसते. त्याच्या उघड्या कडेला एक बारीक हेड असतं, ते सेटच्या हेडला टेकतं आणि मोबाइलचा सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे देतं. सेटला हात लावायचा नाही, सोल्डर नाही, म्हणून पहिला प्रयोग हाच करावा.

अडॅप्टर घेताना वायर कुठून बाहेर पडते ते बघा. काही टू-इन-वनमध्ये कॅसेटची उघडी कड वर असते, काहींत खाली, आणि दार पुढून घट्ट बसतं. वायर दाराच्या कडेत चिरडली तर चार दिवसांत एक चॅनल जातो. डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यातून बाहेर येणारी वायर बहुतेक दारांच्या फटीतून सुटते. दाराला खाच पाडू नका, ते दार पुन्हा मिळणार नाही.

त्रास कुठे होतो:

- सेट आपोआप बंद पडतो. ऑटो-स्टॉप असलेल्या सेटला टेक-अप रीळ, म्हणजे टेप गुंडाळून घेणारं रीळ, फिरताना दिसावं लागतं. अडॅप्टरमधले गिअर अडकले असतील तर सेट ‘टेप संपली’ असं समजतो. अडॅप्टरचे स्क्रू खोलून गिअरच्या आसांना सिलिकॉन ग्रीसचा इवलासा ठिपका लावा.
- ऑटो-रिव्हर्स सेट सारखी बाजू बदलत राहतो. रिव्हर्सचा खटका एकेरी दिशेवर न्या, आणि दोन्ही दिशांना चालणारा अडॅप्टरच घ्या.
- कडकड आवाज येतो. गिअरचा असेल तर ग्रीसने कमी होतो. पण मोटरचा आवाज स्पीकरमधून येत असेल तर हेड घाण आहे किंवा अडॅप्टर नीट टेकत नाही.
- आवाज बसका येतो. टेप सिलेक्टरचा खटका ‘नॉर्मल’वर आणा. क्रोम किंवा मेटलवर ठेवला तर सेट तीव्र स्वर काही डेसिबलनी खाली आणतो. डॉल्बी (टेपची सूं कमी करणारी सोय) असेल तर ती बंदच हवी, नाहीतर झांजा आणि टाळ पांघरुणाखाली गेल्यासारखे वाजतात.

ब्लूटूथचा कॅसेट अडॅप्टरही मिळतो. वायरची कटकट जाते, पण त्याची बॅटरी बारीक असते आणि चार्जिंगसाठी तो दर वेळी काढावा लागतो. लाइन इन असेल तर साधा ब्लूटूथ रिसीव्हर त्या सॉकेटला लावणंच शहाणपणाचं. हा रिसीव्हर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालू द्या. सेट मेन्सवर आणि रिसीव्हर चार्जरवर असं एकदम केलं की दोन्हींच्या ग्राउंडमधून गुणगुण येते. चार्जर काढताच ती गेली तर दोष ग्राउंड लूपचा. मग चार्जर लावूनच ऐकायचं असेल तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी घाला.

एफएम ट्रान्समीटरचाही मार्ग आहे, पण पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात रिकामी जागा सापडणं कठीण जातं आणि शेजारच्या स्टेशनची खरखर मध्ये येते. आवाजाला जपणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आत ऑक्स बसवायचा असेल तर

वरचं काहीच जमलं नाही तर सेट उघडून व्हॉल्यूमच्या बटणावर सिग्नल द्यायचा. हे काम सोल्डरिंगचा हात बसलेल्यानेच करावं. मेन्सची वायर काढा, सेलही काढा. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूचे टोक आणि खटका उघडे असतात. त्यांच्याजवळ काम करताना प्लग भिंतीत नसणं हेच एकमेव खरं संरक्षण.

मागच्या कव्हरला सहा-आठ लांब स्क्रू असतात, आणि हमखास विसरले जाणारे एक-दोन सेलच्या खणात लपलेले असतात. एरियलचा स्क्रू, वरच्या नॉब्ज, स्पीकरच्या वायरी: प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कव्हर अडलं तर ओढू नका, कुठेतरी स्क्रू राहिलेला आहे.

व्हॉल्यूमच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरला पॉट म्हणतात. स्टिरिओ व्हॉल्यूम पॉटला प्रत्येक चॅनलचे तीन पाय असतात: एक ग्राउंड, मधला फिरता, तिसरा सिग्नल आत येणारा. मोबाइलचं ग्राउंड पॉटच्या ग्राउंडला जोडून, एक तार १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून आणि ४.७ किलोओहममधून त्या तिसऱ्या पायाला नुसती टेकवा. गाणं आलं की जागा सापडली. कपॅसिटर वगळू नका, काही सेटमध्ये त्या पायावर डीसी असतो आणि तो मोबाइलमध्ये शिरतो.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. फंक्शन ‘टेप’वर आहे, पण गाणं येत नाही. कारण कित्येक सेटमध्ये ‘टेप’ म्हणजेच ‘पॉवर ऑफ’. ॲम्प्लिफायरला वीज मिळते ती प्ले दाबल्यावर. म्हणून ऑक्स रेडिओच्या जागी चालवा. ३.५ मिमीचं पाच पायांचं स्टिरिओ सॉकेट घ्या, ज्यात पिन घातली की आतले दोन संपर्क सुटतात. पॉटच्या तिसऱ्या पायाकडे येणारी मूळ तार किंवा पट्टी तोडा. सेटकडून येणारं टोक सॉकेटच्या सुटणाऱ्या संपर्काला जोडा, आणि सॉकेटचा टिपचा पाय त्या कपॅसिटर-रेझिस्टरला न अडकवता थेट पॉटला. कपॅसिटर आणि रेझिस्टर मग केबलमध्ये घाला. पिन बाहेर असेल तेव्हा सेट मूळसारखा वाजतो. पिन आत गेली की रेडिओ गप्प आणि मोबाइल चालू. दोन्ही चॅनलसाठी हेच करा: डाव्याला टिपचा, म्हणजे पिनेच्या टोकाचा पाय, उजव्याला रिंगचा.

सॉकेटपर्यंतची तार शील्डेड (वर जाळीचं आवरण असलेली) हवी, २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आणि सेटच्या बाजूला शील्ड फक्त पॉटच्या ग्राउंडला जोडा. दोन ठिकाणी ग्राउंड दिलं की हम, म्हणजे गुणगुण, येतो. सॉकेट बसवायला वापरात नसलेल्या माइकच्या किंवा ‘रिमोट’च्या सॉकेटचं भोक वापरा, किंवा केबल सेलच्या खणातून बाहेर काढा. पुढच्या जाळीला ड्रिल लावू नका.

आतच ब्लूटूथ बोर्ड बसवायचा असेल तर त्याला सेटच्याच वीजपुरवठ्यावर थेट चालवू नका, टिकटिक आणि शीळ येते. ५ व्होल्टचं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल मध्ये घाला, म्हणजे बोर्डचं ग्राउंड सेटपासून वेगळं राहतं. त्याने ती शीळ जाते.

डेकची देखभाल

मोबाइल जोडल्यावर कॅसेटचा भाग विसरला जातो, आणि न वापरल्यानेच तो बिघडतो. कॅसेट अडॅप्टर वापरणाऱ्यालाही हेड स्वच्छच लागतं.

साफसफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि घट्ट कापसाच्या काड्या. प्ले दाबल्यावर हेड पुढे येतं, ते सेट बंद असताना दाबा. हेडच्या चकचकीत तोंडावरून काडी उभी नव्हे, टेप ज्या दिशेने जाते त्या दिशेने फिरवा. तपकिरी डाग उतरेपर्यंत काड्या बदला. पहिल्या काडीवर येणारा तो चहाच्या गाळासारखा रंग म्हणजे टेपवरचं ऑक्साइड. मग कॅपस्टनची, म्हणजे टेप पुढे सरकवणारी, पातळ दांडी, आणि शेवटी पिंच रोलर, म्हणजे रबरी चाक. रबराला अल्कोहोल भिजवून ठेवू नका, ओलसर काडीने पुसून लगेच कोरडं करा. चाक काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा, तडे गेले असतील तर बदला. वीस-तीस तासांच्या वापरानंतर एकदा साफसफाई पुरते. डिमॅग्नेटायझर (हेडचं चुंबकत्व घालवणारं साधन) वापरणार असाल तर तो हेडपासून हातभर लांब असताना चालू करा, सावकाश जवळ न्या, सावकाश लांब न्या आणि लांब गेल्यावरच बंद करा. जवळ असताना बंद केला तर हेड पूर्वीपेक्षा जास्त चुंबकीय होतं.

सेट टेप खातो तेव्हा लोक दोष कॅसेटला देतात. बहुधा कारण बेल्ट असतो. कॅपस्टन टेप पुढे ढकलत असतो आणि टेक-अप रीळ ती ओढत नाही, मग टेप आत गुंतते. फास्ट फॉरवर्ड रडतखडत चालत असेल तर खात्रीच समजा. जुने बेल्ट दोन प्रकारे मरतात: काही ताणून सैल होतात, काही डांबरासारखे वितळून पुलीवर चिकटतात. डांबर झालेला बेल्ट हातमोजे घालून काढा, पुलीची खाच अल्कोहोलने शेवटपर्यंत पुसा. थोडासा जरी राहिला तरी नवा बेल्ट उड्या मारतो आणि आवाज थरथरतो.

माप असं घ्या: पुलीवर जिथे बेल्ट बसतो तिथून दोरा फिरवा, लांबी मोजा, त्यातून साधारण पाच टक्के वजा करा. म्हणजे दोरा २२० मिमी आला तर बेल्टचा आतला घेर २०९ मिमीच्या आसपास. कॅपस्टनचा बेल्ट अनेकदा चपटा असतो, रीळ आणि काउंटरचे चौकोनी. चपट्याच्या जागी चौकोनी चालवू नका. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वेगवेगळ्या मापांच्या बेल्टचं पाकीट मिळतं. जुन्याचा तुकडा सोबत न्या, पण माप त्याच्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. फार घट्ट बेल्टने मोटरचं बेअरिंग झिजतं.

नवा बेल्ट बसला की वेग तपासा. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली तेव्हापासून टेपचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच आहे. ३००० किंवा ३१५० हर्ट्झच्या चाचणी सुराची कॅसेट लावा, पाच मिनिटं सेट गरम होऊ द्या, आणि मोबाइलवरच्या फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या ॲपवर आकडा बघा. बहुतेक मोटरच्या पाठीमागे बारीक भोक असतं, आत वेगाचा ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा बारीक स्क्रू. प्लास्टिकचा पेचकस घाला आणि केसभर फिरवा. ३००० च्या कॅसेटवर ३०३० आला तर सेट एक टक्का पुढे पळतो आहे. चाचणीची कॅसेट नसेल तर कारखान्यात भरलेल्या चांगल्या कॅसेटवरचं एखादं लांब गाणं मोबाइलवरच्या त्याच ध्वनिमुद्रणाशी ताडून बघा: १० मिनिटांत ६ सेकंदांचा फरक म्हणजे एक टक्का. संवादिनीसोबत गाण्याचा रियाज करणाऱ्याला ही दुरुस्ती टाळता येत नाही. सहा टक्के चूक म्हणजे पूर्ण अर्धा स्वर.

वेग ठीक असूनही आवाज बसका असेल तर हेडचा कोन बघा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो, तोच कोनाचा. दुसरा पक्का स्क्रू हलवू नका. चांगली कॅसेट लावून तो स्क्रू पाव फेरा इकडेतिकडे करा, टाळ-झांजा सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा आणि नेलपेंटचा ठिपका लावा. घरीच भरलेल्या कॅसेटवर कोन जुळवू नका, ती ज्या सेटवर भरली त्याच्याच कोनात असते.

खरखर, एकाच बाजूचा आवाज, हम

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणं. गंजावर मारायचं तेल इथे वापरू नका, त्याचा थर राहतो आणि त्यात धूळ बसते. ट्यूनिंगच्या गँग कपॅसिटरवरही काहीही फवारू नका, स्टेशनं जागा सोडतात.

एक चॅनल गेला, मध्येच शीळ वाजते, रेडिओ ठीक पण टेपचा आवाज खोल, अशी सगळी लक्षणं एकाच जागेकडे बोट दाखवतात: रेकॉर्ड-प्लेचा लांबट सरकता खटका. तो सर्किटवर असतो, तेवीस-चोवीस पायांचाही असतो. त्याच्या दोन्ही टोकांतून क्लीनर सोडा, सेट बंद ठेवून, कान शाबूत असलेली टाकाऊ कॅसेट घालून रेकॉर्डचं बटण वीस-पंचवीस वेळा दाबा-सोडा. ट्रान्झिस्टर बदलण्याआधी हे कराच. पुष्कळ ‘गेलेले’ सेट एवढ्याने परततात.

मेन्सवर गुणगुण आणि सेलवर शांत, तर फिल्टर कपॅसिटर वाळला आहे. बरेचदा तो २२०० मायक्रोफॅरडचा असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा बसवा, आणि निगेटिव्हची पट्टी जुन्याच्याच बाजूला.

स्पीकरचा कागद फाटला असेल तर फेविकॉल थोडं पातळ करून टिश्यूचा तुकडा मागून चिकटवा. स्पीकरचे बाहेरचे टोक कधीही ग्राउंडला जोडू नका. काही सेटमध्ये दोन्ही टोकांवर ॲम्प्लिफायर असतो, निगेटिव्ह असं काही नसतंच, आणि जोडताच आयसी जळते.

पावसाळा

कोकणपट्टीत आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत सेट कपाटात बंद ठेवू नका. दर पंधरवड्याला वीस मिनिटं चालवा, खटके आणि पॉट सगळे एकदा फिरवा. पंधरा दिवसांहून जास्त वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. कॅसेटच्या काचेतून रिळाच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसली तर ती कॅसेट सेटमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी कोरड्या हवेत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा, मग पेन्सिलीने रीळ फिरवून मऊ कोरड्या कापडावरून टेप पुसून घ्या.

आणि सेट बंद करताना कायम स्टॉप दाबूनच करा, भिंतीचं बटण बंद करून नव्हे. प्ले दाबलेलाच राहिला तर रबरी चाक रात्रभर कॅपस्टनवर दाबून राहतं, त्यावर खळगा पडतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला गाणं एकदा डचमळतं.